पांढरा गणवेश आणि पांढरपेशी नजर

मराठीत 'पांढरपेशा' हा शब्द ज्या वर्गासाठी राखून ठेवलेला आहे, त्या वर्गाने पांढरे कपडे अंगावर घालून परक्या माणसाचे मलमूत्र कधी काढलेले नाही. किंबहुना शब्दातला पांढरा रंग हा श्रमाचा डाग अंगावर न पडल्याचा दाखला आहे. परंतु याच महाराष्ट्रात गेली शंभर-सव्वाशे वर्षे हजारो स्त्रिया नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत रक्त, पू, ओकारी आणि लघवी यांत हात घालीत आल्या. त्यांना पांढरपेशा म्हणावे असे कोणालाही वाटले नाही. त्यांच्यासाठी 'सिस्टर' हा परका शब्द पुरेसा ठरला.

परिचारिकेचा गणवेश हा समीक्षेचा विषय कसा काय होऊ शकतो, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. समीक्षा ही पुस्तकांचीच करायची असते, असे आपल्याला विद्यापीठातल्या मराठी विभागांनी शिकवले आहे. पण ज्या समाजाला हजारो वर्षे पुस्तकाला हात लावू दिला नाही, त्या समाजाचे वाचन अंगावरच्या कापडापासूनच सुरू झालेले आहे. समोरून येणारा माणूस कोण, त्याच्यासाठी वाट सोडायची की नाही, हे आमच्या आजोबा-पणजोबांनी धोतराच्या काठावरून ओळखले. तेव्हा कपडा हीही एक संहिताच आहे. ती कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली आणि तिच्यात कोणाला जागा ठेवली नाही, हे विचारणे समीक्षेचेच काम आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे नेसावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत असा दंडक आहे. हा भारतातला जुना 'ड्रेसकोड' म्हणायला हरकत नाही. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यांनी कमरेला झाडू बांधावा आणि गळ्यात मडके अडकवावे, ही सक्ती बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या १९३६ सालच्या भाषणात नोंदवलेली आहे. म्हणजे गणवेश आणि साधने, दोन्ही ठरवून दिलेली. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये महार बायकांनी लुगड्याचे काठ निऱ्यांत दडवून नेसावे लागण्याची हकिगत आहे. काठ दिसले तर ती बाई वरच्या जातीची वाटेल! कापड तेच, काठही तोच. फक्त तो दिसता कामा नये. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की लुगडे नेसण्याची तुमची पद्धत बदला, गळ्यातले-हातातले ते कथलाचे गठ्ठे टाकून द्या. स्त्रियांनी ते लगेच अमलातही आणले. ग्रंथ जाळणे आणि निऱ्या बदलणे या दोन कृती आपण वेगवेगळ्या मोजतो. पहिलीला क्रांती म्हणतो, दुसरीला समाजसुधारणा. माझ्या मते त्या एकाच कृतीच्या दोन बाजू आहेत, कारण जळालेल्या पानांवर कपड्यांचीच कलमे होती.

आता या पार्श्वभूमीवर परिचारिकेच्या गणवेशाकडे पाहावे.

तो इथे जन्मलेला नाही. १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या इस्पितळात गेली तेव्हा तिच्या परिचारिकांचा पोशाख पांढरा नव्हताच. राखाडी जाडाभरडा झगा, वर जाकीट, डोक्याला पांढरी टोपी आणि खांद्यावरून इस्पितळाचे नाव भरलेली पट्टी. तो बेढब होता आणि परिचारिकांना तो आवडत नव्हता. पण त्याचा हेतू सुंदर दिसण्याचा नव्हता. छावणीभोवती वावरणाऱ्या इतर बायकांपासून या बायका वेगळ्या आहेत, यांच्या अंगाला हात लावायचा नाही, हे सैनिकांना लांबून कळावे हा होता. त्यामागे ख्रिस्ती जोगिणींच्या वेषाची परंपरा होती. जोगिणीच्या डोक्यावरचा पदर आखडत आखडत परिचारिकेची टोपी झाला. म्हणजे रोगजंतूंपासून संरक्षण हे गणवेशाचे कारण नंतर आले. आधी आली ती स्त्रीच्या चारित्र्याची हमी. घराबाहेर पडून परपुरुषाच्या शरीराला स्पर्श करणाऱ्या बाईला समाजाने दिलेला तो परवाना होता.

त्याच युद्धात आणखी एक बाई होती, तिचे नाव आपल्या नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटते. मेरी सीकोल ही जमैकाची, आई कृष्णवर्णीय. कॉलऱ्याचा तिला अनुभव होता. लंडनमध्ये तिने परिचारिका म्हणून जाण्यासाठी खेटे घातले, तिला घेतले नाही. आपल्या कातडीचा रंग तर आड आला नाही ना, अशी शंका तिने स्वतःच लिहून ठेवली आहे. ती १८५५ मध्ये स्वतःच्या हिकमतीवर गेली, बालाक्लाव्हाजवळ खानावळ आणि दवाखाना थाटला. तिचे कपडे भडक रंगांचे असत, पिवळे, निळे, टोपीला फिती. राखाडी गणवेश तिला कोणी दिलाच नव्हता, म्हणून तिने आपल्या रंगात काम केले. आणि १८५७ साली तिने आत्मचरित्र लिहिले! तिचा पुतळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात, म्हणजे नाइटिंगेलने १८६० मध्ये ज्या रुग्णालयात आपली शाळा काढली त्याच रुग्णालयात, उभा राहायला २०१६ साल उजाडावे लागले. ब्लॅक पँथरकडे पाहून १९७२ मध्ये पँथर उभारणाऱ्या आपल्या चळवळीला ही बाई परकी वाटू नये.

मुंबईत जे. जे. रुग्णालय १८४५ चे, कामा १८८६ चे, मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये काम सुरू केले. या संस्थांबरोबर हा गणवेश आला. तो प्रथम कोणाच्या अंगावर चढला? युरोपियन आणि अँग्लो-इंडियन बायकांच्या, आणि त्यांच्या मागोमाग मिशनच्या आसऱ्याने वाढलेल्या देशी ख्रिस्ती मुलींच्या. यांतल्या कितीतरी मुलींचे आई-बाप गावकुसाबाहेरून आलेले होते. सवर्ण घरांतून मुली येईनात, कारण परक्याच्या शरीराचा स्पर्श विटाळाचा. पुढे पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींना शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा ब्राह्मण विधवा या कामात आल्या. तांबड्या आलवणाच्या कैदेतून सुटण्याचा तो एक मार्ग होता आणि त्या स्त्रियांचे धैर्य कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मराठी चरित्रे-आठवणींतून परिचर्येचा इतिहास जो सांगितला जातो तो जणू तिथूनच सुरू होतो. त्याआधीच्या मिशनच्या मुली त्यात नसतात, आणि सुईण तर नसतेच.

सुईण हा या इतिहासातला सर्वांत मोठा खाडाखोड केलेला शब्द. गावोगाव महार-मांगांच्या बायकांनी सवर्णांच्या लेकी-सुनांची बाळंतपणे केली. जन्मलेल्या मुलाला पहिला स्पर्श अस्पृश्य हाताचा आणि बारशाला तोच हात उंबऱ्याबाहेर. तिला गणवेश नव्हता. अनेक गावांत तिला मजुरी म्हणून धान्य आणि एखादे जुनेर मिळे; बाळंतिणीची भरलेली कापडेही तिच्याच वाट्याला. दहाव्या अध्यायात प्रेताची वस्त्रे, इथे जन्माची. पुढे सरकारी दवाखाने झाले आणि तिचे ज्ञान 'अडाणी दाईचे प्रकार' म्हणून मोडीत निघाले. तिच्या कामात घातक चालीही होत्या, अस्वच्छ पात्याने नाळ कापण्याने मुले धनुर्वाताने दगावली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिला उकळलेली कात्री आणि साबण द्यावा, तिच्या मुलीला नर्सिंगच्या शाळेत घालावे, असा विचार त्या काळी किती जणांनी केला?

आणि परिचर्येच्या इतिहासात सावित्रीबाई कुठे आहेत? १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन त्या हडपसरजवळच्या यशवंतच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. अंगावर गणवेश नाही, तोंडाला फडके नाही. आपण त्यांना आद्य शिक्षिका म्हणतो, ते योग्यच आहे. पण परिचारिकांच्या कार्यक्रमात १२ मेला नाइटिंगेलच्या तसबिरीशेजारी सावित्रीबाईंची तसबीर ठेवावी असे आपल्याही लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

गणवेशाची दुसरी कथा निर्जंतुकीकरणाची. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस याने डॉक्टरांना हात धुवायला लावले, तेव्हा डॉक्टर चिडले. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला जाणाऱ्या आमच्या हातांनी बायका मरतात म्हणजे काय! त्यानंतर वीस वर्षांनी लिस्टरने कार्बोलिक आम्लाचा प्रयोग प्रसिद्ध केला. हा विचार आपल्या डोळ्यांनी वाचला तर फार क्रांतिकारक आहे. शस्त्रक्रियागृहाच्या दारात सर्जन हात धुवून, गाऊन-ग्लव्हज चढवून उभा राहीपर्यंत तो अस्पृश्य असतो. त्याचे गोत्र विचारले जात नाही. निर्जंतुक ट्रेला उघडा हात लागला तर हात शंकराचार्यांचा असला तरी ट्रे बाद होतो. आणि तोच ट्रे पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये घातला की शुद्ध होतो, गोमूत्र लागत नाही. सोवळे आणि निर्जंतुकता यांत वरवर साम्य आहे. दोन्हीकडे धुतलेले कापड, दोन्हीकडे 'शिवू नको'. पण सोवळ्यात विटाळ जन्माने चिकटतो आणि धुऊन जात नाही. इथे विटाळ सर्वांना सारखा लागतो आणि साबणाने जातो. चीटल फोर्सेप्सने गॉज उचलणारी परिचारिका नकळत मनूच्या विरोधात काम करीत असते, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र प्रत्यक्षात काय झाले? रुग्णालयाच्या पुढच्या दाराने विज्ञान आले आणि मागच्या दाराने सोवळे. साधनांची वाटणी पाहावी. थर्मामीटर, बी.पी.चे यंत्र, इंजेक्शनचा ट्रे, केस-पेपर ही परिचारिकेची साधने. बेडपॅन, युरिन पॉट, फिनेल, पोछा ही 'मावशी'ची आणि 'मामा'ची. नाइटिंगेलच्या शिकवणीत रोग्याच्या शरीराची सगळीच सेवा परिचारिकेची होती. आपल्याकडे त्या सेवेचे दोन तुकडे पडले, कोरडा आणि ओला. खाटा शंभर आणि परिचारिका दोन, त्या करतील तरी काय, हे खरेच आहे. संख्येचा प्रश्न खोटा नाही. पण संख्या अपुरी पडल्यावर कोणते काम खाली ढकलायचे हे संख्येने ठरवलेले नाही. ते जातीने ठरवले. आया आणि सफाई कामगार कोणत्या वस्त्यांतून येतात हे कोणत्याही रुग्णालयाच्या हजेरीपटावरची आडनावे वाचून कळते. त्यासाठी समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि गणवेशाने हे विभाजन रंगात लिहून काढले. अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका, शिकाऊ मुली यांचे पट्टे, बिल्ले, साडी की झगा, हे सारे दर्जाप्रमाणे. आणि सर्वांत खाली आयाची साडी, जिचा रंग काहीही असला तरी पांढरा नसतो. माझी आत्या मुंबईतल्या एका रुग्णालयात आया होती. तिला निळ्या काठाची साडी मिळे. घरी आली की ती ती साडी वेगळ्या बादलीत भिजवायची आणि म्हणायची, "सिस्टरचं पांढरं धुवायला सोपं. डाग दिसतो तरी. आमच्यावरचा दिसत नाय." या वाक्यात तिने जे सांगितले ते सांगायला मला वर दोन परिच्छेद लागले आहेत.

आता साहित्य-सिनेमाकडे वळतो. पडद्यावरची परिचारिका आठवा. 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) मधली मीनाकुमारी डॉक्टरवर मूक प्रेम करते आणि त्यागाने झिजते. 'खामोशी'तली वहिदा रेहमान तर त्याहून पुढे जाते. मनोरुग्ण बरा व्हावा म्हणून तिने त्याच्यावर प्रेम करायचे, अशी वरिष्ठांचीच योजना असते. थर्मामीटरसारखे तिचे मन हेही रुग्णालयाच्या मालकीचे साधन, आणि ते फुटले की तिलाच वॉर्डात दाखल करायचे. असित सेनने तो चित्रपट संयमाने काढला आहे, वहिदाने कामही फार चांगले केले आहे. तरीही त्यात प्रश्न शेवटी भावनेचा होतो, नोकरीचा होत नाही. 'आनंद' (१९७१) मधल्या ललिता पवार मेट्रन डी'सा, म्हणजे वरून कडक आणि आतून मऊ. या साऱ्यांचे गणवेश कडक इस्त्रीचे आणि दुधासारखे शुभ्र. त्यांवर कधी डाग पडत नाही. ते कोण धुते, कुठे वाळतात, पाळी आलेल्या दिवशी आठ तास पांढऱ्या कपड्यांत उभ्या असलेल्या बाईच्या मनात काय चाललेले असते, हे कॅमेऱ्याला विचारावेसे वाटले नाही. मराठी कथेतही थोड्याफार फरकाने हीच परी आहे. देवदूत, नाहीतर डॉक्टरच्या मागे असलेली 'तसली' बाई. ही पांढरपेशी नजर आहे. ती पांढऱ्या रंगाकडे प्रतीक म्हणून पाहते, कारण तिला तो रंग कधी धुवावा लागलेला नाही.

पण प्रस्थापितांना दोष देऊन आपली सुटका नाही. आपल्या बायकांनी लिहिलेली आत्मकथने घ्या. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट', मुक्ता सर्वगोड यांचे 'मिटलेली कवाडे', शांताबाई कांबळे यांचे 'माझ्या जल्माची चित्तरकथा', ऊर्मिला पवार यांचे 'आयदान'. शाळा, शिक्षिका, कचेरी, चळवळ, सभा हे सारे तिथे आहे. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले, ते तर आपल्यावर ऋणच आहे. पण वॉर्डातली रात्रपाळी मध्यभागी असलेले असे आत्मकथन माझ्या वाचनात आले नाही. शिक्षिकेला दुपारी पाचनंतर स्वतःची वही उघडता येते. तीन पाळ्यांत फिरणाऱ्या बाईची झोपच तिच्या मालकीची नसते. हे एक कारण. दुसरे कारण आपल्या समीक्षेचे आहे. आपण दुःखाचा उच्चार मागितला, कामाचा तपशील मागितला नाही. भाकरीच्या तुकड्यासाठी केलेला अपमान आपल्याला साहित्य वाटला, आणि बेडसोअर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी रोग्याला कुशीवर वळवणे ही मात्र नोकरी वाटली.

बेडसोअर म्हटले की अरुणा शानबाग आठवल्याशिवाय राहत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात पाळी संपल्यावर ही परिचारिका कपडे बदलायला तळघरात गेली. तिथे तिच्यावर हल्ला झाला; कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला. ती १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती. त्या साऱ्या वर्षांत तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला बेडसोअर होऊ दिला नाही. ७ मार्च २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशाला दयामरणाची चर्चा दिली. पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले, मराठी रंगभूमीवर नाटकही आले. या सगळ्या चर्चेत मृत्यूचा अधिकार गाजला. मला मात्र त्या संध्याकाळचा पहिला तपशील सोडवत नाही. ती कपडे बदलायला तळघरात गेली. ज्या व्यवस्थेने गणवेशाची टोपी किती इंच असावी हे ठरवले, तिला तो गणवेश सुरक्षितपणे उतरवण्याची जागा देणे सुचले नाही. चारित्र्याची हमी म्हणून आलेला कपडा ज्या क्षणी अंगावरून उतरतो, त्या क्षणी ती बाई कोणाचीच जबाबदारी नसते.

हल्ला करणारा त्याच रुग्णालयातला सफाई कामगार होता, हे आपण लपवू नये. त्याच्यावर खुनाचा प्रयत्न आणि चोरी एवढेच गुन्हे सिद्ध झाले, सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. या घटनेचा आधार घेऊन 'हे खालचे लोक' म्हणणारे त्या वेळीही असतील आणि आजही आहेत. त्यांना उत्तर द्यायचे म्हणून आपल्यातल्या कोणी गप्प बसावे किंवा दोघांच्या भांडणाचे निमित्त पुढे करावे, हे मला मान्य नाही. शोषित पुरुषाने स्त्रीवर केलेला अत्याचार हा अत्याचारच असतो. आपल्या समीक्षेने याबाबतीत आतापर्यंत पुरेसा आवाज काढलेला नाही.

आता आजच्या नवी मुंबईत या. १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाणे-रायगडच्या ९५ गावांच्या जमिनी घेऊन हे शहर आखले गेले आणि १९९२ च्या आरंभापासून इथे महानगरपालिका काम करू लागली. वाशी, नेरूळ, ऐरोली इथे पालिकेची रुग्णालये. नेरूळला आणि कामोठ्याला खाजगी वैद्यकीय महाविद्यालये. बेलापूर-वाशीला पंचतारांकित म्हणावी अशी इस्पितळे. १९९२ मध्येच खाडीवरून वाशीला लोकल आली आणि मानखुर्द-गोवंडीच्या मुलींना हे शहर नोकरीच्या टप्प्यात आले. सकाळी सातच्या सुमारास हार्बरच्या बायकांच्या डब्यात या मुली दिसतात. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. गणवेश घडी करून पिशवीत. केरळहून आलेल्या मुलींच्या शेजारी दिघा-तुर्भ्याच्या वस्तीतल्या, मराठवाड्यातून आई-बापांबरोबर आलेल्या, आणि पनवेलच्या आदिवासी वाड्यांतल्याही. पांढरा रंग मागे पडला आहे. आकाशी, जांभळा, गुलाबी, मोरपंखी. अंगरखा आणि पँट. डोक्यावरची टोपी बहुतेक ठिकाणी गेली, ते बरेच झाले. ती पडायची, सलाईनच्या स्टँडला अडकायची आणि धुतली जायची फार कमी. शस्त्रक्रियागृहातला हिरवा-निळा रंग डोळ्यांवरचा ताण कमी करतो, रक्ताचा लाल रंग सतत पाहून थकलेल्या नजरेला तो बरा पडतो, हे कारणही खरे आहे. साडीतून सुटका झाली ही तर पळावे लागणाऱ्या बाईला मोठीच गोष्ट. अंगरख्याला खिसे आले. खिशात पेन, कात्री, चिकटपट्टी, छोटी टॉर्च मावते. छातीवर उलटे टांगलेले घड्याळ कुठे कुठे अजून आहे; मनगटावर काही असू नये ही जुनी शहाणी रीत. पाऱ्याचा थर्मामीटर गेला, उकळून वापरायच्या काचेच्या सिरिंजा तर आजच्या मुलींनी पाहिलेल्याही नाहीत.

म्हणजे बदल झाला. पण बदल कोणी ठरवला? एका खाजगी रुग्णालयात काम करणाऱ्या मुलीला मी विचारले, तुमच्या गणवेशाचा हा रंग कसा ठरला? ती हसली. "सर, लॉबीच्या सोफ्यांना मॅच होतो बघा." त्याच मुलीच्या पहिल्या पगारातून दोन जोडांचे पैसे कापले गेले होते. धुणे घरी. म्हणजे वॉर्डातले जंतू दहा बाय बाराच्या खोलीत, लहान भावंडांच्या कपड्यांच्याच बादलीत. निर्जंतुकतेचे शास्त्र रुग्णालयाच्या फाटकाशी संपते आणि पुढे तिची आई संपूर्ण धुण्याची जबाबदारी घेते. गणवेश ही जर कामाची वस्तू असेल तर तो देणे, धुणे आणि तो बदलण्यासाठी कडी लागणारी खोली देणे हे मालकाचे काम आहे. ही मागणी संघटनांच्या निवेदनांत वेतनाच्या खाली कुठेतरी येते. ती वर यायला हवी. २०२२ च्या मे महिन्यात सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका बाह्य कंपन्यांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, त्या संपाचा गणवेशाशी संबंध नाही असे समजू नये. कंपनीमार्फत आलेल्या बाईच्या छातीवरचा बिल्ला रुग्णालयाचा असतो आणि पगार दुसऱ्याचा. रोग्याने ओळखावे इतपत ती रुग्णालयाची, अपघात झाला की नाही.

आणि कचऱ्याचेही आता चार वर्ण झाले आहेत! २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळा, लाल, पांढरा, निळा. परिचारिकेने कोणती वस्तू कुठल्या रंगात टाकायची हे नियमाने पक्के सांगितले आहे, आणि ते रोग्यांच्या व कामगारांच्या हिताचेच आहे. सुई पांढऱ्या डब्यात गेली नाही तर ती कोणाच्या तरी तळहातात जाते. हा 'कोणीतरी' म्हणजे पिशव्या बांधून गाडीपर्यंत नेणारा. चार रंगांत तो कुठेच नाही. कंत्राटदार बदलला की त्याच्या जाकिटामागचे नाव बदलते, एवढाच त्याच्या गणवेशाचा इतिहास.

या सगळ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की गणवेश म्हणजे गुलामी, तो फेकून द्यावा. तसे मी म्हणत नाही. आपल्यातल्या काही तरुण मित्रांना प्रत्येक गणवेशात सत्तेचा हात दिसतो. त्यांनी एकदा वस्तीत येऊन पाहावे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालेली मुलगी गणवेश घालून फोटो काढते आणि तो फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लागतो. बाबासाहेबांचा सूट आणि त्या मुलीचा अंगरखा यांचे नाते तिच्या आईला कोणी समजावून सांगावे लागत नाही. काठ दडवून नेसलेल्या लुगड्यापासून इथपर्यंतचे अंतर तिला ठाऊक आहे. गावाने ठरवून दिलेला नाही असा हा त्या घराण्यातल्या स्त्रीच्या अंगावरचा पहिला कपडा असतो. भांडण गणवेशाशी नाही. वॉर्डात रंगांची जी उतरंड आहे तिच्याशी आहे. रोग्याला कोण कोण आहे हे कळण्यासाठी ठळक अक्षरांतला बिल्ला पुरतो. आयाच्या साडीचा रंग वेगळा ठेवून रोग्याचे कोणते हित साधते, हे मला एकदा कोणी तरी पटवून द्यावे.

२०२० मध्ये काही महिने ही उतरंड दिसेनाशी झाली होती. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात कोविडच्या खाटा लागल्या आणि आत जाणारा प्रत्येक जण एकाच पांढऱ्या पीपीई किटमध्ये होता. डॉक्टर, सिस्टर, मावशी, मामा, सगळ्यांचे डोळे तेवढे दिसत. आतल्या उकाड्यात पाणी पिता येत नव्हते, लघवीला जाता येत नव्हते, घामाने कपडे पिळून निघत. त्या दिवसांत कोण कोण आहे हे कळावे म्हणून पाठीवर मार्करने नावे लिहीत. आधी 'डॉक्टर', 'सिस्टर' आणि मग नाव. ज्यांना सगळेच फक्त 'मावशी' म्हणतात त्यांच्या पाठीवर काय लिहिले गेले, त्यांनी ते कोणाकडून लिहून घेतले, हे त्या वॉर्डांत काम केलेल्या बायकाच सांगू शकतील.

या त्रैमासिकाच्या वाचकांत परिचारिका आहेत, त्यांच्या लेकी आहेत, आयांची मुले तर अनेक आहेत. त्यांनी हे लिहावे. साहित्य झाले की नाही याची काळजी करू नये. किती वाजता कोणत्या खाटेवर काय केले, अंगावर काय होते, ते कुठे बदलले, एवढे लिहिले तरी पुरे. मजकूर कागदाच्या एकाच बाजूला असावा, अशी मासिकांची जुनी अट असते. ती या लेखिकांसाठी संपादकांनी सैल करावी, कारण रात्रपाळीत हाताशी कागद असतो तो बाद झालेल्या केस-पेपरचा, आणि त्याची एक बाजू आधीच भरलेली असते.